जुन्या गाड्यांचं पासिंग: गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९६८ ची फियाट ११०० आहे. बाबांनी घेतलेली, जीडीपासून सुरू होणाऱ्या जुन्या नंबरची. बाबा गेल्यानंतर तिची नोंदणी मी तीनदा वाढवून घेतली आणि एकदा नापासही झालो. तेव्हापासून पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या जुन्या गाडीवाल्यांचे फोन आणि मेसेज येत असतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत.

१. माझी गाडी चाळीस वर्षांची आहे. तिला दरवर्षी पासिंग करावं लागतं का?

खासगी गाडी असेल तर नाही. पहिली नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर गाडी तपासून नोंदणीचं नूतनीकरण होतं आणि ते ५ वर्षं टिकतं. म्हणजे खासगी जुन्या गाडीची वेळ दर पाच वर्षांनी येते.

दरवर्षीची फेरी भाड्याच्या गाड्यांना असते. टॅक्सी, टेम्पो, बस यांना फिटनेस सर्टिफिकेट लागतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन-दोन वर्षांचं मिळतं, नंतर एकेका वर्षाचं. एखाद्याकडे काळी-पिवळी ॲम्बेसेडर अजून टॅक्सी म्हणूनच नोंदलेली असेल, तर त्याला दरवर्षी जावंच लागेल. आपल्याकडे दोन्ही गोष्टींना सरसकट ‘पासिंग’ म्हणतात, म्हणून हा घोळ होतो. आरसीवर वाहनाचा वर्ग काय लिहिलाय ते आधी वाचा.

२. ‘क्लासिक’ आणि ‘विंटेज’ यात कायद्याने काय फरक आहे?

‘क्लासिक’ हा शब्द आपल्या कायद्यात नाही. ‘विंटेज’ आहे, आणि तोही जुलै २०२१ पासून, केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाल्यावर. पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी मोटार म्हणजे विंटेज. चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत. परदेशातून आलेली गाडीही यात बसते.

म्हणून १९८४ ची मारुती ८०० कितीही जपलेली असली तरी आज विंटेज नाही. १९७२ ची स्कूटर आहे. तीनचाकी, ट्रक, बस या यादीत नाहीत. घराच्या मागे कुणी जुनी कारेर, म्हणजे गावची प्रवासी बस, जपून ठेवली असेल तर तिला हा रस्ता बंद आहे, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. गोव्याच्या गावांना बाजाराशी जोडलं ते याच गाड्यांनी.

३. मग विंटेज नोंदणी करू की नेहमीसारखं नूतनीकरण?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर तुम्ही गाडी कशी वापरता यावर ठरतं.

विंटेज नोंदणी १० वर्षं टिकते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे. अर्ज नमुना २० मध्ये, परिवहन पोर्टलवरून करायचा. सोबत विमा, जुनी आरसी आणि आयात गाडी असेल तर बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद) लागतं. राज्याने नेमलेली समिती गाडी बघते. नव्या नोंदणीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेला नंबर मिळतो. पण गाडी आधीच नोंदलेली असेल तर मूळ नंबर ठेवता येतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘माझा जीडी नंबर जाईल’ या भीतीनेच पुष्कळ जण अर्ज करत नाहीत.

आता दुसरी बाजू. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज फेरी, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर निघते. पणजीतल्या फेरीला न्या, हरकत नाही. पण फोंड्याच्या बाजारात मासळी आणायला किंवा चतुर्थीला मामाच्या घरी जायला ती वापरायची असेल, तर साधं नूतनीकरणच करा. माझी फियाट वयाने केव्हाच विंटेज झाली, तरी मी तिला साध्या नोंदणीवर ठेवली आहे. ती दर रविवारी म्हार्दोळच्या देवळात जाते.

४. खर्च किती येतो?

१ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या गाडीचं नूतनीकरण शुल्क मोटारीला ५,००० आणि दुचाकीला १,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते दुप्पट केलं: मोटारीला १०,०००, दुचाकीला २,०००. आयात गाड्यांचं मात्र वेगळं आहे. २० वर्षांवरच्या आयात मोटारीला ८०,००० आणि आयात दुचाकीला २०,००० रुपये.

हा ८०,००० चा आकडा गोव्यातल्या लोकांनी नीट वाचावा. पोर्तुगीज काळात इथे थेट बोटीने आलेल्या ओपेल, फोक्सवॅगन, मर्सिडीज अजून काही घरांत आहेत. त्यांच्या आरसीवर ‘आयात’ असं असेल तर दर पाच वर्षांनी ८०,००० भरावे लागतात. अशा गाडीला विंटेज नोंदणीचा विचार खरोखर करावा, वापर कमी करावा लागला तरी. कुर्ल्याला बनलेली फियाट किंवा उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर मात्र देशी आहे. तिच्या नोंदीत चुकून ‘आयात’ पडलं असेल तर पैसे भरण्याआधी ते दुरुस्त करून घ्या.

५. अर्ज कधी करायचा? उशीर झाला तर?

मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत, नमुना २५ भरून. उशिराला मोटारीमागे महिन्याला ५०० आणि दुचाकीमागे ३०० रुपये जादा लागतात. मुदत जून ते सप्टेंबरमध्ये संपत असेल तर मे महिन्यापासूनच तयारीला लागा. पावसात वायपर, काचेची रबरं, वायरिंग सगळं एकाच वेळी बंड करतं.

६. इन्स्पेक्टर नेमकं काय बघतो?

आधी ओळख, मग सुरक्षा. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर तसाच आहे का, रंग तोच आहे का (प्रश्न ८ आणि १२ पाहा). त्यानंतर हेडलाइट, डिपर, ब्रेकलाइट, नंबरप्लेटचा दिवा, हॉर्न, वायपर, आरसे, टायर, स्टेअरिंगचा प्ले, ब्रेक, हॅण्डब्रेक. सोबत पीयूसी आणि विमा चालू असलेला हवा.

जुन्या गाड्या सगळ्यात जास्त अडकतात त्या दिव्यांवर. त्यातही सहा व्होल्टच्या गाड्या. दिवा मंद दिसला की लोक बल्ब बदलतात, आणि दोष असतो अर्थिंगचा. दिव्याच्या बुडाशी जिथे वायर पत्र्याला जोडली आहे तो नट सोडा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, थोडं व्हॅसलिन लावून परत आवळा. निम्म्या गाड्यांचं काम तिथेच होतं.

दुसरी जागा म्हणजे स्टेअरिंग. फियाटच्या किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं तिला, वेळेवर ग्रीस गेलं नाही की ती झिजते. पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. कट्-कट् आवाज आला तर गॅरेजला जा, आरटीओला नंतर. टायरची नक्षी मोटारीला किमान १.६ मिलिमीटर हवी. पण जुन्या गाडीचा टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो. बाजूवरच्या चार आकडी शिक्क्यात पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर नक्षी कितीही शिल्लक असो, टायर बदला.

७. गंजामुळे नापास करतात का?

करू शकतात, आणि करावंच. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, वरून खारा वारा. इथली गाडी पुण्याच्या गाडीपेक्षा वेगळी सडते. पुण्याची वरून रंग सोडते, आपली खालून पत्रा सोडते.

माझीच गोष्ट सांगतो. एका मे महिन्यात पुढच्या सीटखालची चटई उचलली. खालचं तरटासारखं अस्तर गेल्या पावसापासून ओलं होतं. पत्रा रंगाने चांगला दिसत होता. स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर तो आत गेला, आणि त्या भोकातून अंगणातली तांबडी माती दिसली. मी तिथे पाय ठेवून वर्षभर गाडी चालवत होतो.

तपासायच्या जागा: सीटखालचा फ्लोअर, दाराखालची पट्टी, जॅक लावायची जागा, स्प्रिंग आणि शॉक जिथे बॉडीला बसतात ते भाग, बॅटरीखालचा ट्रे. नाण्याने ठोकत जा. धड पत्रा टणकन वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. एम-सील, पुट्टी किंवा फायबर लावून वर काळा अंडरकोट मारून देणारे आहेत. असं काम करून घेऊ नका. सडका भाग कापून १८ गेजचा पत्रा वेल्ड केला की गाडी पुढची वीस वर्षं उभी राहते. आणि पावसाळ्यात गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. सुती कापड, वर छप्पर आणि दोन्ही बाजूंनी वारा, एवढं पुरे.

८. चेसिस नंबर वाचताच येत नाही. आता?

मी नापास झालो तो यामुळेच. आदल्या महिन्यात एका गॅरेजवाल्याने बॉनेटखालचा भाग रंगवून दिला होता, छान गुळगुळीत. नंबरावरही दोन हात दिले होते. अधिकाऱ्याने बोट फिरवलं, काहीच लागेना, आणि त्यांनी मला परत पाठवलं. त्यांचं बरोबर होतं. नंबर दिसत नसेल तर गाडी तीच आहे हे कशावरून म्हणायचं?

त्यावर पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर कधीच लावू नका. नंबर खरवडलेला दिसला की संशय गाडीवर नाही, तुमच्यावर येतो. पेंट रिमूव्हर कापसाने लावा, दहा मिनिटं थांबा, जुन्या टूथब्रशने अलगद घासा, मग रॉकेलच्या फडक्याने पुसा. खाचांत खडूची पूड भरली की आकडे उठून येतात. पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा आणि ठसा आरसीशी ताडून बघा. हा ठसा अर्जासाठीही लागतो. दोन-तीन जास्त काढून ठेवा.

गंजाने नंबर खरंच खाल्ला असेल तर स्वतः पुन्हा ठोकून घेऊ नका, तो गुन्हा ठरेल. आरटीओकडे लेखी अर्ज करून त्यांच्या परवानगीनेच पुढे जा.

९. बाबांच्या गाडीला इंडिकेटर नाहीत, सीटबेल्ट नाहीत. बसवावे लागतील का?

पुढच्या सीटला बेल्ट देण्याचं बंधन कारखान्यांवर १९९४ पासून आलं, आणि गाडीत बेल्ट असेल तर तो लावण्याची सक्ती आहे. त्याआधीच्या गाडीत मुळात बेल्ट नसेल तर तेवढ्यासाठी अडायला नको. तरी पक्का पत्रा आणि योग्य जागा असेल तर बसवून घ्या. सडक्या फ्लोअरला बोल्ट मारलेला बेल्ट निरुपयोगी आहे.

इंडिकेटरच्या बाबतीत मी आग्रही आहे. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांना दाराच्या खांबातून बाहेर येणारे छोटे हात असत. ते मूळचे आहेत, ते काढू नका. पण आज मागून येणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ कळत नाही. बंपरच्या कंसाला क्लॅम्पने पिवळे दिवे लावा, बॉडीला भोक पाडू नका. हवे तेव्हा काढता येतात, मूळ रूपही राहतं.

१०. पीयूसीत धूर जास्त दाखवतो. जुन्या गाडीला सूट नाही का?

सूट नाही, पण मर्यादाच सैल आहे. भारत स्टेज-२ (धुराच्या नियमांचा एक टप्पा) च्या आधीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत चालतं. मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींना हेच आकडे ४.५ टक्के आणि ९,००० पीपीएम आहेत. धड कार्बुरेटर असलेली गाडी यात बसते. बसत नसेल तर काहीतरी बिघडलंय.

थंड गाडी घेऊन जाऊ नका. दहा किलोमीटर चालवा, चोक पूर्ण आत गेला आहे का बघा, एअर फिल्टर झटका, प्लग बदला, मग आयडल मिक्स्चरचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवा. या गाड्यांची पीयूसी सहा महिन्यांची असते.

११. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने गाडी नापास होईल का?

थेट नाही. पण इथेनॉल जुनी रबरं फुगवतं आणि ठिसूळ करतं. पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बुरेटरची वॉशरं यांना झळ बसते. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे ते पाणी कमी नाही. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत टाकी अर्धी ठेवू नका. पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घालून घ्या. इंजिनवर पेट्रोल ठिबकत असेल तर पासिंगचं राहू द्या, आधी आगीची काळजी घ्या.

१२. इंजिन बदललेलं आहे. पास होईल?

बदल आरसीवर चढवलेला असेल तर होईल. आरसीवरच्या माहितीशी गाडी जुळत नाही असा कुठलाही बदल परवानगीशिवाय करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हेच सांगतं. त्याच जातीचं त्याच मेकचं इंजिन असेल तर खरेदीची पावती आणि अर्ज देऊन नोंद करून घ्या. पेट्रोलच्या ॲम्बेसेडरमध्ये कुणी वीस वर्षांपूर्वी परवानगीविना डिझेल इंजिन बसवलं असेल तर प्रकरण अवघड आहे. मूळ इंजिन सापडलं तर परत बसवणं हाच सरळ मार्ग. मंजूर किट लावून गाडी विजेवर करता येते, पण मग ती मूळ रूपातली राहत नाही आणि विंटेजचा हक्क जातो.

१३. आजोबांची गाडी डाव्या स्टेअरिंगची आहे. रस्त्यावर चालेल का?

चालू शकते. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजव्या बाजूने वाहतूक सुरू केली, पण गोव्यात रस्त्याची डावी बाजूच राहिली. तरीही तिकडून डाव्या स्टेअरिंगच्या काही गाड्या आल्या. कायद्याच्या कलम १२० प्रमाणे अशा गाडीला ठरवून दिलेलं, चालू स्थितीतलं इशारा देणारं साधन हवं. म्हणजे इंडिकेटर. प्रश्न ९ मध्ये इंडिकेटर हा माझा आग्रह होता, इथे ती सक्ती आहे.

१४. आरसी वडिलांच्या नावावर आहे आणि ते हयात नाहीत.

तपासणीआधी नाव बदला. वारसाच्या नावाने हस्तांतरणासाठी नमुना ३१ आहे. गोव्यात गाडीही घराच्या इस्टेटीतच मोडते. इथल्या कायद्याने आईचा निम्मा हिस्सा असतो, आणि बहिणी लग्न होऊन गेल्या तरी वारस राहतात. उत्तराधिकाराचा दस्त आणि सर्वांची लेखी संमती घेऊन जा. माझ्या दोन्ही ताईंनी सही दिली. धाकट्या ताईने अट घातली की वर्षातून एकदा गाडी तिच्या घरी डिचोलीला यायची. येते.

१५. गाडीचा नंबर ऑनलाइन सापडतच नाही.

जीडी नंबरांचं हे नेहमीचं आहे. जुनी नोंद कागदी रजिस्टरात असते, संगणकावर चढलेली नसते. मूळ आरसी, कराच्या पावत्या, जुना विमा घेऊन ज्या कार्यालयात नोंद झाली तिथे ‘बॅकलॉग एन्ट्री’साठी अर्ज करा. हे झाल्याशिवाय शुल्कही भरता येत नाही. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार देऊन नमुना २६ भरून दुसरी प्रत आधी मिळवा.

१६. नोंदणी संपून बरीच वर्षं झाली. तपासणीला चालवत नेऊ का?

नको. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणणंच बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. फ्लॅटबेडवर चढवून न्या.

१७. मुंबईहून जुनी प्रीमियर पद्मिनी घेतोय. काय बघू?

तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो. नंबरचा ठसा घेऊनच सौदा करा (प्रश्न ८), आणि चटई उचलून बघा (प्रश्न ७).

१८. लग्नांना गाडी भाड्याने देतो. काही अडचण?

पैसे घेत असाल तर आहे. विंटेज नोंदणीत व्यावसायिक वापराला बंदी आहे. पांढऱ्या पाटीच्या साध्या खासगी गाडीलाही भाड्यासाठी परमिट लागतं. भाचीच्या लग्नात नवरीला घेऊन जाणं वेगळं.

१९. विम्याच्या कागदावर विंटेज लिहिलं तर आरटीओ मान्य करेल का?

नाही. विम्याच्या जुन्या दरपत्रकातली विंटेज म्हणजे १९४० च्या अखेरपर्यंत बनलेली आणि मान्यताप्राप्त क्लबने प्रमाणित केलेली गाडी. तिचा प्रश्न २ मधल्या पन्नास वर्षांशी काही संबंध नाही.

२०. स्विंडनला राहणारा भाऊ म्हणतो, तिकडे चाळीस वर्षांवरच्या गाडीला तपासणीच नाही. आपल्याकडे का?

तो म्हणतो ते खरं आहे. मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे, गेल्या ३० वर्षांत मोठा बदल केलेला नसेल तर. गाडी रस्त्यालायक ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावरच राहते. जर्मनीत ३० वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक नंबर मिळतो, पण दर दोन वर्षांची तपासणी तिलाही असते. मला जर्मनांचं पटतं. माझ्या फ्लोअरमधलं भोक मी नूतनीकरणाच्या तयारीत चटई उचलली म्हणून सापडलं.

२१. इन्स्पेक्टरने नापास केलं आणि मला ते चुकीचं वाटतं.

दोष लेखी मागा. बहुतेक वेळा दुरुस्ती करून परत दाखवणंच लवकर होतं. ते ब्रेक म्हणाले तर वाद घालू नका. उभ्या राहिलेल्या गाडीचे व्हील सिलिंडर आपल्या हवेत जाम होतात आणि गाडी एका बाजूला ओढते. चारही ड्रम उघडा, रबरं आणि ब्रेक ऑइल बदला. पण नोंदणीच नाकारली असेल तर कलम ५७ खाली, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. त्यासोबत गाडीच्या खालच्या भागाचे तारीखवार फोटो आणि गॅरेजची बिलं जोडा.